लेकरांना कानाविषयी सांगताना

पोरी, तुझ्या वर्गात कानाला मशीन लावलेला मुलगा आला आहे आणि बाकीच्यांना काय सांगावं हे तुला सुचत नाही. पहिली गोष्ट, त्याला वर्गापुढं उभं करून काही सांगू नकोस. 'याला ऐकू येत नाही, याला कुणी त्रास द्यायचा नाही' एवढं बोलून आपण मोकळे होतो, आणि ते लेकरू मात्र त्या दिवसापासून वर्गात पाहुणं होऊन बसतं. आधी सगळ्या वर्गाला कान शिकव. ज्याचा त्याचा स्वतःचा कान. त्या मुलाचं नाव पहिल्या आठवड्यात निघालंच नाही तरी चालेल.

सुरुवात हलगीनं कर. गावात हलगीवाला असतोच, तो आनंदानं येईल. स्टीलच्या डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून दोऱ्यानं घट्ट बांध आणि त्यावर ज्वारीचे दहा-बारा दाणे टाक. आता हलगी डब्याजवळ आणायची, पण टेकवायची नाही, आणि वाजवायची. दाणे उड्या मारतात. मधे हवेशिवाय काही नाही हे लेकरांना डोळ्यांनी दिसतं. हलगी लांब नेली की दाणे मंदावतात, हळू वाजवली की नुसते थरथरतात. पहिलीतलं लेकरूसुद्धा इथं एवढं समजतं की आवाज म्हणजे धक्का आहे आणि आपल्या कानात असाच एक पडदा ताणलेला आहे.

पुढचं फळ्यावर काढ. पडद्यामागं तीन हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब साधारण तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ज्वारीचा दाणा त्यांच्या तळहातावर ठेव आणि सांग, याच्याहूनही लहान. त्या हाडांमागं शंखाच्या आकाराची वळणं, त्यात पाणी, आणि त्या पाण्यात केसाळ टोकांच्या पेशी, एका कानात साधारण १५,०००. धक्का पाण्यात पोचला की ते केस वाकतात आणि मेंदूकडं निरोप जातो. इथं मी नेहमी ज्वारीच्या शेतावर येते. वाऱ्यानं ज्वारी वाकते आणि पुन्हा उभी राहते. गारपिटीनं आडवी पडली की ती पुन्हा उभी राहत नाही. फार मोठ्या आवाजानं कानातले केस तसे कायमचे आडवे होतात. वर एक गोष्ट सांग, ती लेकरं कधी विसरत नाहीत. कोंबडीच्या कानातल्या अशा पेशी मेल्या तर नव्या येतात. माणसाच्या येत नाहीत. 'मग कोंबडी आपल्यापेक्षा भारी?' असं कुणीतरी विचारतंच. हो म्हण.

याच वेळी एक फरक नीट समजावून दे. पडद्याच्या अलीकडं किंवा त्या हाडांपर्यंत बिघाड असेल, मळ साचला असेल, पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर बहुतेक वेळा औषधानं किंवा ऑपरेशननं ते बरं होतं. आतल्या शंखात किंवा मेंदूकडं जाणाऱ्या नसेत बिघाड असेल तर ते सहसा बरं होत नाही, मशीन लागतं. हे सांगितलं नाही तर लेकरं त्या मुलाला विचारत राहतात, 'तू दवाखान्यात का जात नाहीस?' त्याचे आईबाप कुठं कुठं फिरून आलेले असतात हे त्यांना कसं कळावं.

दुसऱ्या दिवशी ऐकू न येणं म्हणजे काय ते अनुभवायला दे. कानात बोटं घालायला सांगून भागत नाही. त्यानं आवाज फक्त लहान होतो, आणि लेकरांची समजूत होते की मोठ्यानं ओरडलं की काम झालं. खरी अडचण निराळी असते. पुष्कळांना आवाज ऐकू येतो, शब्द फुटत नाही. त्यासाठी हा खेळ. अर्ध्या वर्गानं वहीची पानं चुरगाळत राहायची. तू खिडकीबाहेर उभी राहा, तोंडापुढं पुस्तक धर आणि साध्या आवाजात एकेक शब्द म्हण: ताट, पाट, खाट, लाट, वाट, साठ. उरलेल्या अर्ध्यांनी ऐकलेलं लिहायचं. वह्या उघडल्या की एकाच्या वहीत खाट, दुसऱ्याच्या वहीत पाट, तिसऱ्याची वही कोरी. 'आ' सगळ्यांना ऐकू आला, पुढचं-मागचं अक्षर हरवलं. मग विचार, की असं दिवसभर, रोज, गणिताच्या तासालाही झालं तर? त्या वेळी वर्ग जो विचार करतो तो तुझ्या दहा भाषणांनी करणार नाही.

मग आरसा. एकीला बाकांसमोर उभी कर आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हणायला सांग: पापा, बाबा, मामा. ती काय म्हणाली ते ओळखा. कुणालाच येणार नाही, कारण तिन्ही वेळा ओठ अगदी तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. लेकरं घरी जाऊन आरशापुढं करून बघतात, आईला करायला लावतात. 'ओठ बघून त्याला सगळं कळतं' ही समजूत या एका खेळानं जाते. ओठ बघून काही कळतं, उरलेलं तो अंदाजानं जुळवतो आणि त्यात दमून जातो. दुपारनंतर असं लेकरू पेंगतं किंवा चिडचिड करतं, त्याला आळशी म्हणू नकोस.

आता बोलायचं कसं. लेकरांना नियम आवडतात, पण थोडेच दे. समोर येऊन बोला. लक्ष वेधायचं तर खांद्याला हात लावा, मागून ओढू नका. तोंडावर उजेड पडू दे, खिडकीकडं पाठ करून बोललं की चेहरा काळा दिसतो. ओरडू नका, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि मशीनमध्ये आवाज फाटतो. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला: 'पाट आण' कळलं नाही तर 'बसायचा पाट, लाकडाचा'. तूसुद्धा फळ्याकडं तोंड करून बोलायची सवय सोड. आधी लिही, मग वळ, मग बोल.

या सगळ्याहून मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि त्यावर तू जितका वेळ घालवशील तितका थोडा. सगळे हसतात. ते लेकरू विचारतं, काय झालं? आणि कुणीतरी म्हणतं, 'काही नाही, जाऊ दे.' कानानं कमी ऐकणाऱ्या कुणालाही, मग ते सहा वर्षांचं असो की सत्तर वर्षांचं, विचार सगळ्यात जास्त काय लागतं म्हणून. हा 'जाऊ दे' लागतो. विनोद साधा असला तरी तो पुन्हा सांगायचा, हसणं ओसरून गेलं असलं तरी सांगायचा. माझ्या वर्गात हा शब्द बंद होता. लेकरं एकमेकांवर पाळत ठेवायची, कुणी म्हणालं की दहा बोटं त्याच्याकडं. घरच्या आजीलाही हे लागू आहे असं त्यांना सांग. वय झालं की आधी बारीक, टोकदार आवाज जातात, स, श, फ, च हे आधी निसटतात, म्हणून आजीला 'बोलतात ते ऐकू येतं, काय बोलतात ते कळत नाही'. आजीशी पापा-बाबा-मामाचा खेळ खेळून या असा गृहपाठ दे. निम्म्या घरांत तेवढ्यानं बोलणं सुरू होतं.

मशीनबद्दल थोडक्यात. ते लेकराच्या इच्छेनं, त्याला दाखवावंसं वाटेल त्याच दिवशी दाखवू दे. हात लावायचा नाही, त्यात ओरडायचं नाही. शिट्टी वाजली तर साचा सैल झालेला असतो, लेकरू वाढतं तसा कानाचा साचा बदलावा लागतो. पोहायला, आंघोळीला, पावसात काढायचं. घामानं बिघडतं म्हणून रात्री कोरड्या डबीत ठेवायचं. त्याचे बटणासारखे सेल लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, गिळले तर अन्ननलिकेला भोक पडू शकतं, धावत दवाखाना गाठावा लागतो. आणि मशीन लावलं म्हणजे सगळं आपल्यासारखं ऐकू येतं असं नाही, हे वर्गाला माहीत असू दे.

आता आपल्या बीडचं. तुझ्या वर्गातली कितीतरी लेकरं दसरा-दिवाळीनंतर आईबापांच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी कर्नाटकात, आणि उन्हाळ्यात परत येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. पथक हिवाळ्यात आलं की नेमकी फडावरची लेकरं त्यातून सुटतात. फडावर, तिथल्या झोपडीत म्हणजे कोपीत जन्मलेलं बाळ तर जन्मानंतरच्या तपासणीला कुठून भेटणार. बाळाचा कान पहिल्या महिन्यात तपासावा, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत मशीन किंवा उपचार सुरू व्हावेत असं जगभरातले डॉक्टर सांगतात. आपल्याकडं ते लेकरू तिसरीत येतं तेव्हा 'ढ' म्हणून ओळखलं जाऊन मागच्या बाकावर गेलेलं असतं.

अशा लेकराला आधी कोण ओळखतं सांगू? शेजारी बसणारं लेकरू. वर्गाला कान शिकवायचा तो मुख्यतः याच्यासाठी. 'बाई, हा माझ्याकडं बघूनच लिहितो', 'हिला डाव्या बाजूनं बोलावलं तर ती वळतच नाही', 'हा दरवेळी आँ म्हणतो', असं लेकरं आपण होऊन येऊन सांगायला लागतात. चहाडी म्हणून त्यांना गप्प करू नकोस. त्या दिवशी, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, त्या लेकराला एकटं घे. हाताच्या अंतरावर त्याच्या मागं उभी राहा, त्याला एक कान बोटानं हलकेच चोळत बंद ठेवायला सांग आणि अंक-अक्षर कुजबुज: सात, क, तीन. मग पाच, म, दोन. नंतर दुसरा कान. एका कानाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, किंवा दोन्हीला नाही, तर पथकाची वाट बघू नकोस. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठव.

तान्ह्या बाळासाठी आज्या थाळी वाजवून बघतात. ती थाळी बंद कर. थाळीचा आवाज दणदणीत असतो, वाजवणारा हात दिसतो, बाजेला हादरा बसतो, आणि बाळ दचकलं की 'ऐकू येतंय की' म्हणून सगळे निवांत होतात. मागून, सावली पडू न देता, हळूच स-स-स करावं, कागद चुरगाळावा, आईनं कुजबुजावं. ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार भरतं, बडबडतं, हेही आज्यांना माहीत नसतं. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडं वळलं पाहिजे. वर्षाचं झालं आणि एकही शब्द नाही, तर 'याचा बापही उशिराच बोलला' यावर विसंबायचं नाही. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू भाषा शिकायला टपून बसलेला असतो, तो काळ परत येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे आतल्या शंखात ऑपरेशननं बसवायच्या यंत्रासाठी, सरकारी मदत मिळते तीही लहान वयातच. हे वर्गातल्या लेकरांना का सांगायचं? कारण घरातलं धाकटं भावंड दिवसभर त्यांच्याच कडेवर असतं. आई-बाप उसात असतात.

आवाजाचा तास पाचवीला गणित म्हणून घे. कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी हिशोब असा आहे: ८५ डेसिबलला दिवसात ८ तास. पुढं दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. फळ्यावर लिही, ८८ ला किती? ४ तास. ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा. १०० ला १५ मिनिटं. मग विचार, वरातीत डीजेपुढं किती वेळ नाचलात? डीजे पुष्कळदा १०० च्या वर असतो. मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. हाताच्या अंतरावरच्या माणसाला ओरडून सांगावं लागत असेल तर आवाज कानाला जास्त आहे. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर कानानं तक्रार केली आहे असं समजायचं, दोन दिवस त्याला शांतता द्यायची. तान्हं बाळ खांद्यावर घेऊन कुणी स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहिलं तर 'मामा, बाळाला मागं न्या' असं म्हणायला लेकरांना शिकव, घाबरायचं काही कारण नाही. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, शाळा आणि दवाखान्याच्या १०० मीटर परिसरात शांतता, हा नियम २००० सालापासून आहे. फटाक्यालाही ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळं सुतळी बॉम्ब हातात धरून फोडणारा किती जवळ असतो ते लेकरांनीच पट्टीनं मोजू दे. परळीकडच्या शाळेत असशील तर वीज केंद्रात काम करणाऱ्या एखाद्या पालकाला कानावरचे मफ घेऊन बोलाव. मळणी यंत्राजवळ दिवसभर उभ्या राहणाऱ्या घरांनाही ते उपयोगी पडतील.

कानात काय घालायचं याचं उत्तर एकच आहे, काही नाही. काडी नाही, आकडा नाही, सायकलची तार नाही, लसणाचं कढवलेलं तेल नाही. जत्रेत कान कोरणाऱ्यापुढं बसायचं नाही. कानात किडा गेला तर कोरायचं नाही. दाणा गेला तर पाणी घालायचं नाही, दाणा फुगतो. कान वाहत असेल तर 'फुटला, सुकेल' म्हणून वर्षानुवर्षं सोडायचा नाही, आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून झाकायचा, विहिरीत उडी मारायची नाही, आणि डॉक्टर. आणि कानाखाली मारायचं नाही. हे लेकरांना आधी नाही, मोठ्यांना सांग. तळहाताचा एक फटका पडदा फाडू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायला बंदी आहेच. घरातल्या बापाला कायदा सांगून उपयोग नाही, त्याला हलगी आणि ज्वारीचे दाणे दाखव.

पालकसभेत दोन विषय काढायला कचरू नकोस. एक, गोवर-रुबेलाची लस. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळ बहिरं जन्मू शकतं. महाराष्ट्रात ही लस नोव्हेंबर २०१८ पासून सुरू आहे, ९ महिन्यांना आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. दोन, मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांची लग्नं. आपल्याकडं ती अजून होतात. नात्यात लग्न झालं म्हणजे मूल बहिरं होतंच असं नाही, पण शक्यता वाढते. घरात आधी एक बहिरं लेकरू असेल तर ही गोष्ट बायांनी बायांना उघड सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लेकरांमधला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा आहे. लस, वाहणाऱ्या कानाचा इलाज, बाळंतपणातली काळजी आणि आवाज, यातूनच तो टाळायचा आहे.

लेकरं विचारतील, 'बाई, ऐकू न येणारा मोठा होऊन काय करतो?' उत्तर तयार ठेव. कुस्तीच्या वेडातल्या पोरांना हरियाणाच्या वीरेंदर सिंगची गोष्ट सांग. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. डेफलिम्पिक्समध्ये २००५, २०१३ आणि २०१७ साली सुवर्णपदक, २०२१ साली पद्मश्री. मुलींना सारा सनीची सांग. २०२३ च्या सप्टेंबरात ती सर्वोच्च न्यायालयात सांकेतिक भाषेच्या दुभाषाला बरोबर घेऊन वकील म्हणून हजर झाली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याला परवानगी दिली होती. आणि भारतीय सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची नक्कल नव्हे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीतली तिची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था २०१५ मध्ये स्थापन झाली आणि २०२१ मध्ये तिच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले होते. ते व्हिडिओ फोनवर बघता येतात. रोज एक खूण शिका: पाणी, भूक, खेळू या, दुखतंय. टाळ्यांच्या जागी दोन्ही हात वर करून हलवायचे. मशीन लावणाऱ्या मुलाला खुणा येत नसतील तर तोही सगळ्यांबरोबर शिकेल, आणि त्यात तो कुणाच्या मागं नसेल.

हा सगळा पाठ जून-जुलैमध्ये घे. जागतिक श्रवण दिन ३ मार्चला असतो, शाळेला तसं पत्रही येतं, पण त्या दिवशी तुझे निम्मे बाक रिकामे असतील. जी लेकरं हंगामी वसतिगृहात राहतील त्यांच्यासाठी तिथल्या ताईंना मशीनचे सेल कुठं ठेवले, साचा कधी बदलला, कुठल्या कानानं नीट ऐकू येतं आणि झोपताना मशीन काढल्यावर त्या लेकराला कसं उठवायचं, हे सांगून ठेव. आणि जी कोयत्याबरोबर निघतील त्यांच्या आईजवळ एक कार्ड दे. त्यावर तपासणीची तारीख, कुठला कान, पुढची तपासणी कधी, दिव्यांग ओळखपत्राचा क्रमांक आणि शाळेचा फोन. जिथं जातील तिथल्या शाळेच्या बाईंसाठी खाली दोन ओळी लिही: याला पुढच्या बाकावर, चांगल्या कानाच्या बाजूनं बसवा. समोर येऊन बोला. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दे, कोपीत पाणी गळतं.